मातराहूवरून आणलेला दगड

आमच्या पुंडलिकनगरच्या घराच्या गॅलरीतून डोंगर दिसत नाही. समोर शेजाऱ्यांची गच्ची दिसते, तिच्यावर पाण्याच्या दोन काळ्या टाक्या, आणि टाक्यांच्या मधे सापडेल तेवढं आभाळ. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी या गॅलरीत खुर्ची टाकून बसवलं तेव्हा ही गोष्ट माझ्या लक्षातही आली नव्हती. "इथं हवा छान येते, अण्णा," मी म्हणालो. त्यांनी टाक्यांकडे पाहिलं आणि "हूं" म्हणाले.

पुढचं दीड वर्ष ते जवळजवळ तेवढंच बोलले.

अण्णा अजिंठ्याच्या लेण्यांवर डोली उचलायचे. डोली म्हणजे एक लाकडी खुर्ची, तिच्या दोन बाजूंना बांधलेले दोन लांब बांबू आणि ते खांद्यावर घेणारे चार जण. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना दम लागतो अशा प्रवाशांना पायथ्यापासून पायऱ्या चढवून वर न्यायचं, लेणी दाखवायची आणि परत खाली आणून सोडायचं. या कामाचे नियम मला अक्षरओळख होण्याआधी पाठ झाले होते. पुढे ठेंगणे, मागे उंच. म्हणजे चढावर खुर्ची कलत नाही. खांदा बदलायचा असला की पुढचा उजवा "बदल" म्हणणार, बाकी कुणी तोंड उघडायचं नाही. आणि खुर्चीतल्या माणसानं "अजून किती?" असं विचारलं, तर पायऱ्या कितीही उरलेल्या असोत, उत्तर एकच: "आलंच."

अण्णा पुढचे उजवे होते. लहानपणी मी त्यांना एकदा विचारलं होतं, "तुम्ही खोटं का सांगता?"

"खोटं नाय ते," ते म्हणाले. "आकडा सांगितला की माणूस जड व्हतो."

तेव्हा अण्णा बोलके होते. चढावर गप्प, पण उतारावर आणि घरी आल्यावर तोंडाला विसावा नाही. लेण्यांच्या समोरच्या डोंगरावर एक जागा आहे, तिथून सगळी लेणी घोड्याच्या नालासारखी एका रांगेत दिसतात. शिकारीला आलेल्या एका गोऱ्या साहेबाला तिथून लेणी दिसली आणि त्यानं ती शोधून काढली, असं गाइड लोक प्रवाशांना सांगत. ते ऐकलं की अण्णा संध्याकाळी हमखास आईपुढे वाद मांडून बसत. "त्या अंगाला लेणापूर नावाचं गाव हाय. लेणी ठाऊकच नव्हती तर गावाला लेणापूर कोण म्हनलं? साहेबाला दिसली म्हना. शोधली कशाला म्हनता?" आई भाकरी थापता थापता म्हणायची, "मला काय इचारता? मी का साहेब हाय?" अण्णांचा हा मुद्दा इतिहासात टिकतो की नाही, मला माहीत नाही. आमच्या घरात तो टिकला होता.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो. आमचे भूगोलाचे गुरुजी फळ्यावर एका झटक्यात दक्षिण अमेरिका काढत आणि मग खडू आडवा धरून तिच्या डाव्या कडेनं वरपासून खालपर्यंत घासत नेत. "हा अँडीज. जगातली सगळ्यात लांब पर्वतरांग. दोन मार्कांना येतो." मी तो नकाशा इतक्या वेळा गिरवला की आजही झोपेत काढून दाखवीन. तिथे कधी आपले पाय लागतील असं काही मनात नव्हतं. दोन मार्क मात्र सोडायचे नव्हते.

पदवीसाठी शहरात आलो. औरंगपुऱ्यात एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर आम्ही चौघे एका खोलीत राहायचो. माझ्या पदवीच्या कागदावर शहराचं एक नाव आहे, आता आधार कार्डावर दुसरं आहे. अण्णा दोन्ही घेत नाहीत, ते नुसतं "शहरात" म्हणतात. निकाल लागला त्या दिवशी मी एसटीनं थेट लेण्यांवर गेलो. अण्णांच्या खांद्यावर डोली होती, डोलीत एक जाडजूड गुजराती बाई होत्या. मी बाजूनं चालत चालत सांगितलं, "अण्णा, पास झालो. फर्स्ट क्लास." चढावर बोलायचं नाही, हा अण्णांचाच नियम. फक्त "बदल" म्हणाले. चौघांनी खांदा बदलला. पण तो "बदल" नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं आला होता.

पहिला चढ संपला की एक वळण लागतं. तिथे कठड्याला लागून सावली असते आणि डोली टेकवायची पहिली जागा तीच. तिथे डोली टेकल्यावर अण्णांनी उपरण्यानं तोंड पुसलं, ते पुसायला त्यांना बराच वेळ लागला. मागच्या डाव्या बांबूला असायचे ते चाचा. आमच्याच गावचे, अण्णांचे तीस वर्षांचे जोडीदार; अण्णांना ते "बड़े" म्हणत. ते बाईंना म्हणाले, "मौशी, इनका लडका इंजिनियर हो गया. अब तुम उतरो, आज बड़े को बिठाते डोली में!" बाई पोट धरून हसल्या. अण्णा म्हणाले, "चल चल, उचल. मी काय म्हातारा झालो का बसायला?"

आमच्या घराण्यातली ती पहिली पदवी. त्या कठड्यापाशी जे मिळालं ते मला नंतर कुठल्याच समारंभात मिळालं नाही.

मग वाळूजच्या एका कारखान्यात नोकरी लागली. आम्ही रिक्षांची इंजिनं बनवतो. लग्न, हप्त्यावरचं घर, सगळं रीतसर झालं. अण्णा मात्र गाव सोडायला तयार नव्हते. मग एका पावसाळ्यात, खांद्यावर डोली असताना त्यांचा पाय पायरीवरून सटकला. खुर्चीतल्या माणसाला खरचटलंसुद्धा नाही, कारण अण्णांनी बांबू सोडला नाही. सगळा भार त्यांच्या गुडघ्यावर आला. शहरात ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, काठी घेऊन चालतील, पण चाललं पाहिजे. मी गावचं घर बंद केलं आणि अण्णा-आई दोघांना पुंडलिकनगरला आणलं. मला वाटलं, आपण आपलं कर्तव्य केलं.

अण्णा चालले नाहीत. बोललेही नाहीत. सकाळी गॅलरी, दुपारी गॅलरी. "जेवलात?" "हूं." "पाय दुखतो का?" "नाय." माझा मुलगा त्यांच्याशी खेळायला जायचा आणि थोड्या वेळानं परत यायचा. आई एकदा मला स्वयंपाकघरात म्हणाली, "तू त्येंना आनलंस खरं, पर पुरतं नाय आनलंस. निम्मं तिथंच ऱ्हायलं." ते वाक्य माझ्या छातीत रुतून बसलं. मी रोज कामावर जाताना गॅलरीकडे बघत असे आणि मनात एकच प्रश्न असे: मी चांगलं केलं की माणूस मोडला?

अशात कंपनीनं मला तीन महिन्यांसाठी पेरू देशात पाठवायचं ठरवलं. आमच्याकडच्या रिक्षा तिकडे खूप जातात. अँडीजच्या कुशीत वारास नावाचं गाव आहे, दहा हजार फुटांवर. तिथल्या मेकॅनिकांना इंजिनाचं काम शिकवायचं होतं. मी नकाशा उघडून अण्णांच्या मांडीवर ठेवला. डाव्या कडेचा तो खडूनं घासलेला डोंगर दाखवला. म्हणालो, "काय आणू तिकडून?"

मला उत्तराची आशा नव्हती. अण्णांनी त्या डोंगरावरून अंगठा फिरवला आणि ते म्हणाले, "दगड."

"कसला दगड?"

"तिथल्या डोंगराचा. बघू कसला हाय."

दीड वर्षात त्यांनी मागितलेली ही पहिली वस्तू. दगडाची पारख त्यांना होती. लेण्यांखाली रंगीत स्फटिक विकणाऱ्या पोरांना ते खरा कुठला आणि रंगवलेला कुठला हे लांबून सांगायचे. मी ठरवलं, रस्त्यावरचा दगड न्यायचा नाही. डोंगर चढायचा आणि वरचा न्यायचा.

वारासच्या रस्त्यावर पहिल्या दिवशी मी उभाच राहिलो. चहूकडे बर्फाचे डोंगर आणि मधून आमच्या वाळूजच्या रिक्षा चाललेल्या. त्यांना दारं लावलेली, पडदे लावलेले, मागे मेरीमातेचं चित्र, पण आवाज ओळखीचा. डोळे मिटले असते तर क्रांती चौकात असल्यासारखं वाटलं असतं. वर्गात मला सगळे "प्रोफे" म्हणत, म्हणजे गुरुजी. आमच्या घराण्यात हेही पहिल्यांदाच.

वर्गात एक मेकॅनिक मुलगी होती. तिचे वडील डोंगरात वाटाडे होते. साठीला टेकलेले, रुंद छातीचे, आमच्या अण्णांसारखेच बुटके. आधी गाढवांवर सामान घालून नेत, मग पाठीवर वाहत, आणि पुढे परीक्षा देऊन वाटाडे झाले. मी मोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणालो, मला एक डोंगर चढायचा आहे. फार अवघड नको, पण खरा हवा. त्यांनी माझे हात, पाय, पोट नीट पाहिलं. घोडा विकत घेताना बघतात तसं. मग मुलीला काहीतरी म्हणाले. ती हसली.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, प्रोफेचं पोट खुर्चीत वाढलंय, पण पाय चांगल्या घरचे आहेत."

त्यांनी निवडलेला डोंगर पावणेसहा हजार मीटरचा. साडेतीन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तर होतील तेवढा. शेजारी त्याच्याहून उंच, नामांकित शिखरं उभी असल्यामुळे हा जरा धाकट्या भावासारखा दिसतो. नकाशावर त्याचं नाव वाचलं आणि मला वाटलं आपण चुकीचं वाचतोय. पिस्को. त्या देशात द्राक्षाची एक कडक दारू मिळते, तिचं हे नाव. वर्कशॉपातली पोरं शनिवारी तीच पितात.

पहिल्या दिवसाची चाल संपता संपता मी वाटाड्यांना विचारलं, "डोंगराला दारूचं नाव कसं?"

आम्ही हिरव्यानिळ्या दोन तळ्यांवरून पुढे येऊन एका माळावर पोचलो होतो. त्या माळाच्या नावाचा अर्थ कांद्याचा माळ, आणि तिथे कांद्याची पातसुद्धा दिसत नव्हती. गाढवावरचं सामान उतरवून झाल्यावर ते दगडावर बसले आणि सांगू लागले. सत्तरेक वर्षांपूर्वी युरोपातून काही गिर्यारोहक आले होते. त्यांनी हा डोंगर पहिल्यांदा सर केला, आणि तळावर पिस्कोच्या बाटल्या फोडून आनंद साजरा केला. त्या आनंदात डोंगराला बाटलीचं नाव दिलं. निदान तिकडे सगळे असंच सांगतात.

"वाईट माणसं नव्हती," वाटाडे म्हणाले. "दमली होती. दमलेला माणूस काहीही नाव ठेवतो."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी काय, डोंगर नव्हता का?" ते हसले. "मातराहू. माझी आजी मातराहूच म्हणायची. राहू म्हणजे बर्फाचा डोंगर."

"आणि मात?"

त्यांनी खांदे उडवले. "कुणी एक सांगतं, कुणी दुसरं. आजीला विचारलं तर म्हणायची, तुझ्या नावाचा अर्थ मी विचारते का?"

मला अण्णांचं लेणापूर आठवलं. त्या माळावर, घरापासून अर्ध्या जगाएवढं लांब, मी ते लेणापूरचं सगळं भांडण माझ्या तुटक स्पॅनिशमध्ये सांगितलं. आईच्या वाक्यासकट. वाटाड्यांनी मन लावून ऐकलं आणि म्हणाले, "तुझ्या बापाला घेऊन यायचं होतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही डोंगराच्या खांद्याकडे चढत होतो. एका खिंडीसारख्या जागी वाटेच्या कडेला दगडांचा मोठा ढीग होता. वाटाड्यांनी खालून एक दगड उचलून आणला होता, तो त्यांनी ढिगावर ठेवला, टोपी काढली, ओठ हलवले. मला हे अगदी ओळखीचं वाटलं. आपल्याकडेही देवाच्या डोंगरावर लोक दगडावर दगड रचून ठेवतात, घर होऊ दे म्हणतात. पुंडलिकनगरचा फ्लॅट होण्याआधी आईनं तसं घर रचलं होतं. मीही एक दगड ठेवला आणि हात जोडले. दम इतका लागला होता की काय मागावं ते सुचलं नाही.

चढाचं फार सांगत नाही. पहाटेच्या आधी बुटांना लोखंडी दात बांधून आणि एकमेकांना दोरीनं बांधून बर्फावर निघालो. हवा इतकी विरळ की चार पावलांवर थांबावं लागे. मी दर वळणावर विचारायचो, "अजून किती?" वाटाडे मागे न वळता म्हणायचे, "आकिसीतो." म्हणजे, इथेच, हे काय. पहिल्यांदा मी विश्वास ठेवला. दुसऱ्यांदा रागावलो. तिसऱ्यांदा तो शब्द ऐकला आणि बर्फात उभा राहून मला हसू फुटलं. दोरी ताणली गेली तसे ते वळले, त्यांना वाटलं उंचीनं माझं डोकं फिरलं. त्यांना कसं सांगणार, की हा शब्द मी जन्मापासून ऐकत आलोय, फक्त आजवर खुर्चीतल्या माणसाच्या जागी मी कधी नव्हतो. आकडा सांगितला असता तर मी तिथेच बसलो असतो.

सूर्य वर आल्यावर आम्ही माथ्यावर होतो. चारी बाजूंना पांढरे डोंगर. मी रडलो, त्याचं काही वाटत नाही. पण रडून झाल्यावर पायाखाली पाहिलं. माथ्यावर नुसतं बर्फ. दगड एकही नाही.

उतरताना बर्फ संपल्यावर दगडांचं रानच होतं, लाखो दगड. पण ते मला कसेतरीच वाटले, रस्त्याकडेच्या खडीसारखे. मग ती खिंड आली आणि तो ढीग आला. वाटाडे पुढे गेले होते. माझ्या मनात आलं, हा दगड न्यावा. देवापाशी ठेवलेला, माणसांनी हात जोडलेला. आपल्याकडे देवापाशी ठेवलं की नारळाचासुद्धा प्रसाद होतो. मी ढिगातला मुठीएवढा, करडा, पांढरे ठिपके असलेला एक दगड उचलला, पुन्हा हात जोडले आणि तो टॉवेलात गुंडाळून पिशवीत टाकला. चोरी करतोय असं मनातही आलं नाही. उलट, बरंच डोकं चालवलं असं वाटलं.

वारास सोडायच्या दिवशी वाटाडे आणि त्यांची मुलगी मला बसवर पोचवायला आले. मुलीनं विचारलं, "घरी काय नेता?" मी कौतुकानं टॉवेल उघडला.

वाटाड्यांचा चेहरा उतरला. "कुठला हा?"

मी सांगितलं.

ते खाली बसले, तिथेच बस स्टँडच्या फरशीवर. मग हळूहळू, मला समजेल असं बोलले. लोक त्या ढिगावर दगड ठेवतात ते काही मागायला नाही. चढून आलेला माणूस आपला थकवा त्या दगडात ठेवतो आणि हलका होऊन पुढे जातो. "हा दगड नाही, प्रोफे. कुणाचा तरी थकवा आहे. तू तो उचलून आणलास."

इतका शिकलेलो, आणि दुसऱ्याच्या देवघरात हात घातला. मी दगड पुढे केला, म्हणालो, परत ठेवा, मला माफ करा. त्यांनी तो घेतला नाही. विचारलं, "कुणासाठी नेत होतास?"

"वडिलांसाठी. तेही डोंगरावर ओझं वाहायचे. माणसांचं ओझं." मी दोन्ही हातांनी खांद्यावरचे बांबू दाखवले, खुर्ची दाखवली, बाजूला ठेवलेल्या माझ्या बॅगेवर एका आज्जीला बसवल्याचं नाटक केलं. मुलगी हसली. वाटाडे हसले नाहीत. "आता नाही वाहत?" त्यांनी विचारलं. "आता चालतही नाहीत. बोलतही नाहीत," मी म्हणालो. हे मी परक्या भाषेत, परक्या माणसाला सांगितलं. आपल्या भाषेत कुणाला सांगितलं नव्हतं.

बसवाल्यानं हॉर्न दिला. वाटाड्यांनी माझ्या हातातला दगड पुन्हा टॉवेलात गुंडाळला. "मग ने. पण घरात ठेवू नको. डोंगरावर ठेव, वाटेवर. जिथे माणसं दमतात तिथे."

घरी आलो. अण्णा गॅलरीतच होते, तीन महिन्यांपूर्वी होते तिथेच. मी टॉवेल त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी दगड काढला, हातात वर खाली केला, अंगठ्यानं घासला, जिभेच्या टोकाला लावला. मग टाक्यांच्या मधल्या उजेडाकडे धरून पाहिला.

"आपला नाय," ते म्हणाले. "आपला काळा. ह्यो दानेदार हाय." सात शब्द झाले होते. "कोन्त्या डोंगराचा?"

मला पिस्को म्हणवेना. अण्णांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही; डोलीवरचा कुणी पिऊन आला तर त्या दिवशी त्याला बांबू देत नसत. पण खोटंही बोलवेना. मी सगळं सांगितलं, बाटल्यांसकट.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "त्ये चार दिस आले, पिले, गेले. तिथं ऱ्हानारे काय म्हनतात?"

"मातराहू."

"मंग आपन बी त्येच म्हनायचं."

मग मी ढिगाचं सांगितलं, माझ्या चुकीचं सांगितलं. आई चहा घेऊन आली होती, ती कपबशी हातात तशीच धरून म्हणाली, "आगं माय! दुसऱ्याचा शीण घरात आनलास? आधीच का कमी हाय?"

अण्णा दगडाकडे बघत होते. "कुनाचा तरी थकवा," ते हळूच म्हणाले. "त्यात मला काय नवं हाय? जल्मभर त्येच तर वाह्यलं." आणि हसले. हसणं जुनं होतं, उतारावरचं. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि पटकन पदर डोळ्यांना लावला.

"पर तो म्हनला ते खरं हाय," अण्णा म्हणाले. "घरात नाय ठेवायचा. नेऊन ठेवू."

"मी जातो ना अण्णा. येत्या सोमवारी सुटी आहे, लेण्यांवर जाऊन—"

"सोमवारी लेणी बंद असत्यात," अण्णा कडाडले. "येवढं बी ध्यानात नाय तुझ्या? इंजिनियर झालास नुस्ता." आणि मग, दगड पुन्हा टॉवेलात गुंडाळत, "मला घिऊन चल."

थंडीचे दिवस लागल्यावर आम्ही गेलो. तोवर अण्णा रोज संध्याकाळी काठी घेऊन कॉलनीच्या कमानीपर्यंत जाऊन येत होते. कुणी सांगितलं नव्हतं. दगड त्यांच्या उशाजवळच्या खिडकीत, पण बाहेरच्या कट्ट्यावर, म्हणजे घराबाहेर; आईची तेवढी अट होती.

लेण्यांच्या पायथ्याशी चाचा भेटले. आता ते उचलत नाहीत, तरण्यांना कामं लावून देतात. अण्णांना बघून ते गळ्यात पडले. मग आवाज चढवला, "ए! डोली लाव रे! बड़े आये!"

"नको," अण्णा म्हणाले. "चालतो मी."

"पायरी पे चलता? डॉक्टर कू पूछा क्या? बैठ ना, नखरे कायकू करता?"

"मी कधी बसलो का डोलीत?"

"तो आज बैठ. तीस साल से बोल रहा मैं."

शेवटी अण्णा बसले. आयुष्यात पहिल्यांदा. चार तरण्या पोरांनी डोली उचलली आणि मी बाजूनं चालू लागलो, निकालाच्या दिवशी चाललो होतो तसा. खुर्चीत अण्णांचा जीव थाऱ्यावर नव्हता. दोन्ही हातांनी बांबू धरून ठेवलेले, जणू सोडले तर डोली पडेल. दहा पायऱ्या झाल्या नाहीत तोच ते ओरडले, "अरे उंच मानूस फुडं कोन लावला? मागं घ्या त्याला! म्हातारा पाडता का?" पोरांनी डोली टेकवली, जागा बदलल्या. पुन्हा उचलली. जरा वेळानं पुढचा उजवा काही म्हणेना, तेव्हा खुर्चीतूनच आवाज आला, "बदल!" चारही खांदे एकदम बदलले. चाचा खालून ओरडले, "देख, अभी भी मुकादम!"

वळण आलं. कठडा, सावली. अण्णांनी डोली टेकवायला लावली आणि काठी घेऊन स्वतः उभे राहिले. मी हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. खिशातून दगड काढला, कठड्यावर ठेवला, नीट बसला का ते बोटानं हलवून पाहिलं. खाली वाघूर नदीचं पात्र दिसत होतं, वर लेण्यांची काळी दारं.

"अण्णा, इथं राहणार नाही तो," मी म्हणालो. "कुणीतरी पोरगं दरीत फेकून देईल."

"फेकू दे. थकवाच हाय ना? उतरला म्हनायचं."

ते कठड्याला टेकून उभे राहिले. पोरं विडी ओढायला बाजूला गेली. तेवढ्यात खालून एक साठीचे गृहस्थ चढून आले, घामाघूम, एका हातानं कठडा धरत. अण्णांपाशी थांबले, दम खाल्ला आणि त्यांच्या काठीकडे बघून विचारलं, "काका, अजून किती आहे हो?"

वर पायऱ्या बऱ्याच होत्या. अण्णांना त्या एकेक ठाऊक होत्या.

"आलंच," अण्णा म्हणाले.